दुसऱ्या लाकडाचा पाय

नागपूर
रविवार, ६ जुलै २०२५

ताई, जय भीम.

फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर पाठवलेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहितो आहे. मुख्याध्यापिकेच्या नावाचं पत्र शिपाई टेबलावर ठेवतोच, एवढा भरवसा आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण जिना चढते-उतरते. तुझं नाव ती माझ्यासमोर काढत नाही.

विषय त्या लाकडी बैलाचा आहे. बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाला तू आलीस तेव्हा तो माझ्या काचेच्या कपाटात होता, आणि वरच भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, "छप्पन साली आजोबानं घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. अन् तू त्याच घरात नंदी आणून पुजून राहिला?" मी म्हटलं, हे तान्ह्या पोळ्याचं पोरांचं खेळणं आहे, आणि मी आणलं नाही, बाबांच्या पेटीत टॉवेलात गुंडाळलेलं सापडलं. तू म्हणालीस, बाबा असली वस्तू ठेवणंच शक्य नाही, भंगारवाल्याकडून आणली आणि आता मेलेल्या माणसाचं नाव पुढं करतोस. न जेवता गेलीस. त्याला आता दोन वर्षं होतील.

मी जुनी खेळणी जमवतो हे तुला पोरखेळ वाटतं. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागं भंगारवाले बसतात, तिथं मी रविवारी उकिडवा बसून ढीग उपसतो. कचकड्याची बाहुली बोटानं घासून गरम केली की कापराचा वास येतो. वास नाही आला तर ती साधी प्लास्टिकची. पत्र्याच्या मोटारीचे सांधे दुमडलेले असले तर जुनी, स्क्रू असले तर अलीकडची. भिंगातून रंगाचे ठिपके दिसले तर छापलेली, नाही तर हातानं रंगवलेली. वस्तू काय आहे ते वस्तूलाच विचारायचं, विकणाऱ्याला नाही. हॉस्पिटलातही मी तेच करतो. धंतोलीत सबंध विदर्भातून माणसं येतात आणि आपलं दुखणं तोंडानं सांगतात. मी फक्त एक्स-रे काढतो. जे दिसतं ते दिसतं, अर्थ डॉक्टर काढतात.

तर गेल्या रविवारी दुपारी मशीन रिकामं होतं, तेव्हा मी बैलाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांना विचारून. जे दिसलं ते असं. बैलाचं धड आणि तीन पाय एकाच सागवानी ओंडक्यातले आहेत. खालच्या चाकांच्या फळीचे खिळे हातानं ठोकून घडवलेले, म्हणजे वस्तू बरीच जुनी. उजवा पुढचा पाय मात्र दुसऱ्या, जड लाकडाचा आहे, आणि त्याच्या खालच्या टोकाला रंगाच्या आत एक टोकदार लोखंडी टोपी आहे. ती काय आहे, मला समजलं नाही. बैलाचा पाय कधी तरी मोडला आणि कोणी तरी हाताशी जे होतं ते लावून दिलं, एवढंच म्हणता येतं.

रंग लहान पोरानं दिलेला आहे. रेषेबाहेर गेला आहे.

संघपाल


रविवार, २० जुलै २०२५

ताई, जय भीम.

उत्तर नाही. हरकत नाही.

हे पत्र माझ्या विरुद्ध जाणारं आहे, तरी पाठवतो. बैलाच्या कपाळावर निळ्या रंगाखाली काही तरी तांबडं दिसत होतं. कापसाच्या बोळ्यानं वरचा रंग थोडा काढला. खाली जुना पांढरा रंग होता, त्याच्या भेगांत तांबडी भुकटी बसलेली होती. रंग की कुंकू, हे ओळखायची सोपी रीत आहे. कुंकू हळदीचं असतं, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पिवळं पडतं. रंग पडत नाही.

पिवळं पडलं.

म्हणजे या बैलाची कधी तरी पूजा झाली आहे. तू नंदी म्हणालीस ते त्या दिवसापुरतं खरं होतं. ती पूजा कोणी केली, कुठं केली, आणि तशी वस्तू बाबांच्या पेटीत का होती, हे मला माहीत नाही. बाबांनी केली नसणार, असं मला वाटतं. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हे तूच मला शिकवलंस.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लग्न होऊन आली तवापासून त्या पेटीत आहे. म्या एकदा इचारलं, काहून ठेवलं हे? तर म्हणे, राहू दे. मंग म्या इचारलं नाही." इतकंच. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात एकदा विचारलं.

पावसानं बऱ्याच ठिकाणी पाणी साचलं आहे. भिवापूरला मिरचीची रोपं लागली असतील.

संघपाल


रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ताई, जय भीम.

तान्हा पोळा काल झाला. त्या निमित्तानं पाचपावलीतल्या एका वाचनालयानं जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन ठेवलं आहे. सचिवांनी मला विचारलं आणि मी कपाटातलं निम्मं सामान नेऊन मांडलं. सारीपाट, भवरे, चाबीचं माकड, मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची बोट. तो बैलही मांडला. पोरं काचेला नाक लावून पाहत होती, त्यांच्या हातातले नवे बैल आमच्या बैलाच्या दुप्पट उंच.

एका म्हाताऱ्या बाईंनी बैल ओळखला. गोदूबाई त्यांचं नाव. पाचपावलीतल्याच, विणकरांच्या घरातल्या. आपल्या आजोबांची जुनी खोली होती तिथून चार गल्ल्यांवर त्यांचे माग होते. माग आता कोणाच्याच घरी नाहीत. बैल त्यांच्या मोठ्या भावाचा, नत्थूजींचा होता, असं त्यांचं म्हणणं. नत्थूजी हयात आहेत. जाऊन भेटणार आहे.

बाकी ठीक.

संघपाल


रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

ताई,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाईल, त्यापेक्षा मीच सांगतो.

गोदूबाईंनी बैल पाहिला आणि पदर खोचून मोठ्यानं विचारलं, "हा कोणाचा हाय?" मी म्हटलं, माझ्या वडलांचा. "कोण तुये वडील?" मी नाव सांगितलं, सुखदेव. त्या सबंध हॉलकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा आमचा बैल हाय. सुख्यानं चोरला होता आमच्या दारातून. माही माय मरेपर्यंत रडे या बैलासाठी."

हॉलमध्ये बरीच माणसं होती. काही आपल्याच वस्तीतली, बाबांना ओळखणारी. सचिवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वाद मिटेपर्यंत ही वस्तू काढून ठेवा. मी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. बाकीची खेळणी तिथंच आहेत, प्रदर्शन महिनाभर चालणार आहे.

आईला सांगावं लागलं, कारण शेजारच्या बाई सांगायला येणारच होत्या. ती म्हणाली, "त्यानं कधी रस्त्यावरचा रुपया उचलला नाही." मग आत गेली. रात्री जेवली नाही.

तुला आठवत असेल, तू म्हणाली होतीस की मी हा भंगारवाल्याकडून आणला. या आठवड्यात मला वाटलं, तसं असतं तर बरं झालं असतं.

नत्थूजींकडे अजून गेलो नाही. ड्युटी होती, हे कारण आहे. खरं कारण, ते काय सांगतील याची भीती वाटते.

संघपाल


सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

ताई, जय भीम.

काल गेलो. बैल नेला नाही, एक्स-रेची फिल्म नेली.

नत्थूजींची खोली रस्त्याला लागून आहे. ते खाटेवर बसले होते. सत्तरीचे आहेत, डोळे चांगले, गुडघे गेलेले. गोदूबाई शेजारच्याच घरात राहतात, त्याही येऊन दारात उभ्या राहिल्या. मला बस म्हटलं नाही. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुखदेवचा पोरगा ना गा तू? चालतो तसाच."

मी हो म्हटलं आणि फिल्म त्यांच्या हातात दिली. म्हटलं, हा पाय कशाचा आहे ते समजत नाही. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. बराच वेळ पाहिली.

"हा धोटा हाय," ते म्हणाले. "मागावर इकून तिकून पळते ना, तो. हे त्याचं टोक. आमच्याच मागाचा. म्याच देला होता."

गोदूबाई आत आल्या. "काय बोलून राहिला तू, दादा? कोणाले देला?"

"सुखदेवले. तू लहान होती गोदे. तुले जे सांगितलं ते तू आयकलं."

मग त्यांनी सांगितलं. मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो, कारण तुला माझे अर्थ नको असतील.

"आम्ही एकाच वर्गात होतो, चौथीत. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. मायनं सकाळी बैलाले कुंकू लावलं, ओवाळलं. मंग मी दारोदार बोजारा मागत फिरून राहिलो होतो. कोणी पैसा देये, कोणी खाऊ. एकीनं रेवड्या देल्या, माहे दोन्ही हात भरले. सुखदेव बाजूनं चालून राहिला होता. त्याच्या घरी तर पोळा बंद झाला होता, पण पाहाले येये. म्या दोरी त्याच्या हातात देली. गल्लीच्या कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत त्यानं बैल ओढला. तेवढंच. बाप दारात उभा होता. रस्त्यावर काही बोलला नाही. सुखदेव गेल्यावर बैल पायाले धरून उचलला अन् उंबरठ्यावर आपटला. म्हणे, बाटला. नालीत फेकला. मंग मले धरलं."

गोदूबाई म्हणाल्या, "बाबा तर म्हणे चोरी गेला."

"मायले काय सांगन मंग? तिच्या बापानं केला होता तो बैल, तिच्या माहेरचा. नालीत फेकला म्हणून सांगता येत होतं काय? चोरी गेला म्हटलं. सुख्यानं नेला म्हटलं. तेच वस्तीत पसरलं."

मी विचारलं, "आणि धोटा?"

"दुसऱ्या दिवशी बैल नालीत नव्हता. कोणं नेला असन, मले समजलं. शाळेत त्याले इचारलं, तर म्हणे, आहे पण पाय सापडला नाही. घरात एक मोडका धोटा पडून होता, तो म्या चड्डीत लपवून नेला अन् त्याले देला. त्यानं तोच कापून लावला असन."

"मग?"

"मंग काही नाही. बापानं माही शाळा बदलवली. पुढं कधी रस्त्यात दिसला तर मान हलवू दोघंही. त्याच्या तोंडून चोरीचं नाव कधी निंगालं नाही, अन् म्याही लोकाइले सांगितलं नाही की त्यानं नेला तो फेकलेला होता. बाप जित्ता होता तवर भेव होतं. तो गेल्यावर वाटलं, आता कोण इचारते."

गोदूबाई खाली जमिनीवर बसल्या. मला वाटतं, त्यांना त्यांच्या भावाचा राग आला होता, माझा नाही.

निघताना नत्थूजी म्हणाले, "एक दिवस आणतो काय तो इथं? पाहून घेतो." मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो. तू मोठी आहेस. बाबांचं नाव माझ्याइतकंच तुझं आहे. बैल न्यायचा की नाही, ते तू सांग.

संघपाल


भिवापूर
१८ सप्टेंबर २०२५

संघपाल,

तुझी सगळी पत्रं मिळाली. सगळी वाचली. लिंबाचं वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते, कारण तू ते लपवू शकला असतास आणि लपवलं नाहीस, त्यामुळं भांडायची सोय राहिली नाही.

काल शिक्षण विभागाच्या बैठकीसाठी नागपूरला आले होते. बैठक आटोपल्यावर पाचपावलीला गेले. घरी आले नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुझ्या सांगण्यावर विसंबून मला काही ठरवायचं नव्हतं.

मी नत्थूजींना एवढंच विचारलं की तुमच्या वडलांनी बैल आपटला तेव्हा तुम्ही काय म्हणालात. ते म्हणाले, "काही नाही बाई. नऊ वर्षांचा होतो." मी म्हटलं, ठीक. आणि मोठे झाल्यावर? तुमच्या शेजारीपाजारी सुखदेव चोर म्हणून सांगत होते तेव्हा? मी उठेपर्यंत ते गप्प राहिले. त्यांनी उगाच काही कारण सांगितलं असतं तर मी बैलाचा विषय तिथंच संपवला असता. सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं.

मग ते पुन्हा म्हणाले, एक दिवस बैल आणा. मी नाही म्हटलं. बैल तुमच्या दारातून एकदा बाहेर फेकला गेला आहे, तो पुन्हा तुमच्या दारात आम्ही आणून देणार नाही. पाहायचा असेल तर आमच्या घरी या. आमची आई आहे, तिच्या हातचा चहा घ्या आणि बघा. गुडघे दुखतात म्हणाले. मी म्हटलं, रिक्षा मिळते.

तू त्याला खेळणं म्हणतोस, ते मात्र मला पटत नाही. बाबांना त्याच्याशी खेळायला कुठं मिळालं? पण देव म्हणून त्यांनी तो ठेवला नव्हता, हे आता मी मान्य करते. तुला आठवतं, तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीला ते दरवर्षी आपल्याला महाराजबागेत न्यायचे? सकाळी निघायचं, ते दिवे लागायच्या वेळी परत. वस्तीतली पोरं बैल घेऊन फिरायची ते आपण कधी पाहिलंच नाही. मला वाटायचं, सुट्टी असते म्हणून नेतात. वाघ तर एकच होता आणि तो झोपलेला असायचा. तरी बाबा निघायचं नाव घेत नसत.

ते आले की काय झालं, ते लिही. मला येणं जमणार नाही, परीक्षा आहेत.

भावना


रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ताई, जय भीम.

तू लिहायला सांगितलंस म्हणून लगेच लिहितो आहे.

आधी गोदूबाईंचं. त्या गुरुवारी वाचनालयात गेल्या होत्या. मी तिथं नव्हतो, सचिवांनी फोनवर सांगितलं. वाचायला बसलेल्या माणसांसमोर म्हणाल्या की मी त्या दिवशी जे बोलली ते खोटं होतं, बैल आमच्या बापानं फेकला होता आणि सुखदेवनं उचलला. कशासाठी फेकला, तेही सांगितलं. सचिव म्हणाले, आता बैल परत मांडा. मी म्हटलं, पाहू.

आज दोघं बहीण-भाऊ आले. रिक्षा खाली थांबली आणि नत्थूजी कठडा धरून एकेक पायरी चढले. पहिल्या मजल्यावर जरा बसले. मी हात द्यायला गेलो तर नको म्हणाले. वर आल्यावर आईनं दारातच पाणी दिलं. ते प्यायले. मग बसले.

आईनं पोहे केले होते, वर रस्सा. तू पाहायला हवं होतंस. ती एरवी पाहुण्यांशी चारच शब्द बोलते, आज समोर खुर्ची ओढून बसली आणि ते खातात कसे ते पाहत राहिली. नत्थूजींनी सगळं खाल्लं. पुन्हा घेता काय विचारलं, तर पुन्हाही घेतलं. गोदूबाई आईला म्हणाल्या, "म्या लोकाइसमोर बोलली ते तुमच्याही समोर बोलाले आली." आई म्हणाली, "समजलं मले. पोहे थंडे होतीन."

मी बैल आणून नत्थूजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी पाठ चाचपली, वशिंड चाचपलं. मग उलटा करून पाय पाहिला. अंगठ्यानं दाबून पाहिला. "मजबूत बसवला," म्हणाले. "फेविकॉल नव्हता तवा. काय लावलं असन?" मी म्हटलं, एक्स-रेत खिळा दिसत नाही, बहुतेक लाख असावी. "हं. लाखच." नंतर त्यांनी रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हा निळा आमचा नाही, आमचा पांढरा होता. म्हणजे निळा बाबांनी दिला. रेषेबाहेर गेलेला. मी हे आधी ओळखायला हवं होतं, पण पोरानं दिलेला रंग एवढंच पाहिलं, पोरगं कोण हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते खूप वेळ बसले. शाळेतल्या एका मास्तरांची आठवण त्यांनी सांगितली, ते दुपारी खुर्चीत झोपत आणि सुखदेव त्यांची टोपी फिरवून ठेवी. आई हसली. बाबा असलं काही करायचे, हे तिलाही नवीन होतं.

मग त्यांनी बैल उचलून आईकडे धरला, पण सोडला नाही. म्हणाले, "बाई, हा मले द्याल काय? माह्या आजाच्या हातचा हाय. आता कितीक दिवस राहिले माहे."

त्यांनी सरळ विचारलं. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती माझ्याकडे पाहील, किंवा तुला विचारायला सांगेल. तिनं हात पुढे केले आणि बैल घेतला.

"नाही," ती म्हणाली. "हा त्यायनं ठेवला होता. इथंच राहीन. पण तुम्ही येत जा पाहाले. चहा तर होतेच."

नत्थूजींनी मान हलवली. राग आला असं दिसलं नाही. उतरताना मात्र मी दिलेला हात त्यांनी धरला, खालपर्यंत.

परत आलो तर आई बशा आवरत होती. मी म्हटलं, आज ताईला पत्र लिहायचं आहे, काय लिहू? तिनं हातातली बशी खाली ठेवली.

म्हणाली, "तिलेही तेच लिही. म्हणावं, येत जा."

संघपाल